काल्वेराची हद्द

काल्वेराच्या वाइनला सरकारी दर्जा मिळाला तो एर्सीलियाकाकूच्या वाइनवर, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कुणी नाही.

काल्वेरा ही आमची टेकडी. खपतात म्हणून आम्ही परदेशी जातीची द्राक्षं लावली, तेव्हा जुनी काळी वेल एकट्या काकूने राखली. पुढे दर्जासाठी जुनीच जात हवी असं कळलं आणि सगळे तिच्याच मळ्यातून काड्या घेऊन आलो. तिने एकालाही नाही म्हटलं नाही. ‘बाटलीवर काल्वेराचं नाव बघून मग मी मरायला मोकळी,’ एवढंच म्हणायची.

तो मळा ओत्तोरिनोला हवा होता. हा आमच्या उत्पादक संघाचा अध्यक्ष. त्याने किती वेळा मागितला, पण काकूने दाद दिली नाही.

रोमहून अधिकारी आले. रिवाजाप्रमाणे गावासमोर नियम आणि कुठल्या जमिनीतल्या वाइनला काल्वेराचं नाव लावता येईल ती हद्द वाचून दाखवायची, ज्याला हरकत असेल त्याने तिथेच उठायचं. आमच्या कोवळ्या वेलींची वाइन पाणचट होती. ओत्तोरिनो म्हणाला, “काकू, पाहुण्यांना तुमचीच पाजू. आणि वाढायचं तुम्हीच बघा, तुमच्यासारखं कुणाला जमतंय?” बिचारी फुलून गेली.

ती आत पाहुण्यांसाठी सलामीच्या, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या, चकत्या कापत असताना बाहेर हद्द वाचली गेली: रस्त्याच्या वरची टेकडी. काकूचा मळा रस्त्याच्या खाली. “कुणाची हरकत?” सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. माझा मळा वर आहे, मीही बघत बसलो.

मग काकू पेले घेऊन बाहेर आली. अधिकारी घोट घेऊन म्हणाला, “हीच काल्वेराची खरी चव!” टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळ्यात जास्त काकूनेच वाजवल्या.

दर्जा मिळाल्यावर ती बाटलीच्या गळ्याला लावायच्या सरकारी पट्ट्या मागायला संघाच्या कचेरीत ओत्तोरिनोकडे आली.

“तुमचा मळा हद्दीबाहेर आहे, काकू.”

“अरे मेल्या, माझ्याच काड्या लावल्यात ना तुम्ही?”

“काड्या कोण विचारतंय? नकाशा विचारतात. हरकत घ्यायची होती तेव्हाच.”

“तेव्हा मी आत तुमच्यासाठी राबत होते!”

“ते कुठं नाकारतोय? सलामी झकास होती.”

आम्ही हसलो. मीही हसलो.

नाव नाही म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. दोन हंगाम कसेबसे काढून तिने मळा विकला. ओत्तोरिनोलाच, दुसरं घेतंय कोण? जाताना मला म्हणाली, “तू तर तिथं होतास रे.” मी सामान उचलायला लागलो.

आता संघाने नवा अर्ज केला आहे. हद्द रस्त्याच्या खाली, अगदी ओढ्यापर्यंत न्यायची आहे, कारण तिथली वेल सगळ्यात जुनी, असं अर्जात लिहिलंय. पुढच्या महिन्यात अधिकारी येतील आणि विचारतील, कुणाची हरकत? कुणाची असणार? तिचं तर आता इथे काहीच नाही.