दम धर, मागचं येऊ दे

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. माझ्या पाठीवर ओरखडा आहे, पंखा फिरू लागला की मला धाप लागते, पण मी अजून चालतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली मला बघून लोकांना पहिली शंका तीच येते.

चिकलठाण्याला विमानतळाजवळच्या एका फ्लॅटमध्ये कृष्णा आणि अश्लेषा हे नवरा-बायको गेम बनवत होते. मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा अश्लेषानं मला हळदकुंकू लावलं. कृष्णानं माझ्यापुढेच नारळ फोडला आणि पाणी माझ्या अंगावर उडालं म्हणून बोलणीही खाल्ली. तेव्हा माझा थाट काय विचारता!

त्यांचा गेम साधा होता. शेळ्यांचा कळप घेऊन गावोगाव हिंडायचं आणि शेवटी सगळा कळप घरी आणायचा. एक जरी शेळी कमी भरली तरी गेम पुरा होत नसे. कळपात एक लंगडं करडू होतं, ते नेहमी मागे पडायचं. म्हणून प्रत्येक गावाच्या वेशीपाशी कळप थांबायचा आणि एका बाईचा आवाज यायचा, "दम धर लेकरा, मागचं येऊ दे." करडू लंगडत पोचलं की वेस उघडायची.

तो आवाज कृष्णाच्या आईचा, सरूबाईंचा होता. करमाडला त्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या होत्या. आवाज रेकॉर्ड करताना दर वेळी नेमकं विमान जायचं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या होत्या की आधी त्या विमानालाच दम धरायला सांगा.

गेम जवळजवळ तयार झाला आणि तो बाजारात आणणाऱ्या कंपनीनं कळवलं, जुन्या कन्सोलवर आता कोण खेळतं? नव्या कन्सोलवर आणा, नाहीतर राहू द्या. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडून हा गेम धरला होता. 'राहू द्या' म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

नवा कन्सोल आला. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही नारळ. कृष्णानं घाईघाईत मला बंदही न करता माझा प्लग ओढला आणि मला कपाटावर ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेम हलवायला त्यांनी चिन्मयला मदतीला घेतलं. मुलगा हुशार आणि भारी टापटिपीचा. लागत नाही ते काढून टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

पण नव्या कन्सोलवर भलतंच होऊ लागलं. कळप वेशीपाशी थांबेचना. वेस उघडायची, शेळ्या आत शिरायच्या, वेस लागायची आणि करडू बाहेर. सरूबाईंचा आवाज तर नाहीच. नवं यंत्र फार वेगवान म्हणून असं होतंय, असं सगळ्यांना वाटलं. अश्लेषानं शेळ्यांची चाल कमी केली, तर त्या आजारी असल्यासारख्या चालू लागल्या. करडू बाहेर ते बाहेरच. दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं गेम बघणार होती.

त्याच दिवशी सरूबाई आपला आवाज ऐकायला हौसेनं आल्या. पडद्याकडे बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं करडू भाईर ऱ्हायलं की रं."

अश्लेषा उठली, तिनं मला खाली काढलं आणि ओढणीनं धूळ पुसली. माझ्यात जुना गेम तसाच होता. चालू होईन ना, याची मलाच धास्ती होती. पंखा घरघरला, पडदा उजळला. कळप वेशीपाशी थांबला, सरूबाई बोलल्या आणि करडू आलं.

मग अश्लेषानं दोन्ही गेम ओळीनं ताडून पाहिले. थांबण्याचा भागच नव्यात नव्हता. चिन्मयचा चेहरा उतरला. गेममध्ये पूर्वी एक धरण होतं, ते वगळायचं ठरलं होतं. म्हणून त्या नावाचं सगळं त्यानं काढून टाकलं होतं. कृष्णा कपाळाला हात लावून हसायला लागला.

"आरं, तो दम हाय. डॅम नाय."

मित्रांनो, इंग्रजी अक्षरांत लिहिले की दोन्ही शब्द सारखेच दिसतात. कृष्णाला प्रोग्रॅममध्ये मराठी नावं द्यायची खोड, थांबण्याच्या भागाला त्यानं 'दम' नाव दिलेलं; त्याला चिन्मय बिचारा काय करणार?

दम परत जागेवर आला. नव्या कन्सोलवर कळप थांबला, करडू आत आलं. मला, खरं सांगतो, आनंदच झाला. कृष्णा तर आनंदात, कंपनीकडे न्यायला म्हणून नव्या कन्सोलची बांधाबांध करायला धावला आणि जाता जाता सवयीनं त्यानं माझ्या प्लगला हात घातला.

"दम धर," सरूबाई म्हणाल्या. "त्याला आधी नीट निजू दे."

कृष्णानं हात मागे घेतला. मला रीतसर बंद केलं आणि माझा दिवा विझेपर्यंत तो माझ्याजवळ उभा राहिला.

मित्रांनो, नवं जरूर घ्या, वेगानं पुढे जा. फक्त वेस लावण्याआधी एकदा मागे वळून बघा. कुणीतरी लंगडत येत असेल.