जसाच्या तसा निरोप

खोलीत तिघे होते. खालच्या शिवणखात्यातल्या बेचाळीस यंत्रांची घरघर फरशीतून तळव्यांपर्यंत चढत होती. मालकांच्या मुखत्यारांनी प्रश्न टाकला होता. लेखनिकाने पेन उचलून धरले होते. समोर बसलेली टपालताई टेबलाच्या कडेवर बोटाने एक न दिसणारी टीप घालत होती.

"विचारून सांगते," ती अखेर म्हणाली.

"पुन्हा?" मुखत्यारांनी चष्मा काढला. "सकाळपासून चौथ्यांदा! बाई, तुम्ही प्रतिनिधी आहात की टपालपेटी?"

थट्टा तिला नवी नव्हती. तिचे नावच मुळी खात्यातल्या बायकांनी ठेवलेले. दूत, वकील, मुखत्यार, प्रतिनिधी. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्यांसाठी भाषेने किती झगे शिवून ठेवले आहेत! दूताच्या झग्याला जरीची किनार, वकिलाच्या झग्याला खोल खिसे, मुखत्याराच्या झग्याला तर मालकाचेच खांदे. तिच्या मापाचा मात्र त्यांत एकही नव्हता. खात्याचा रिवाज साधा होता: वर जाणारीने निरोप न्यायचा आणि निरोप आणायचा, त्यात पदरचे मीठ घालायचे नाही, वाटेत थेंबही सांडायचा नाही. आणि निरोप नेणारीला मत नसायचे. "भाजी कुठली करू, असं विचारलं तर ही म्हणेल, भाजीला विचारून सांगते," असे तिचा नवरा चारचौघांत सांगे आणि स्वतःच पोट धरून हसे.

आजचा निरोप जड होता. शिवणखात्याच्या टोकाला काचेची एक खोली होती. तिथे अकरा मुले दिवसभर खेळत, भांडत, झोपत. ते पाळणाघर बंद करून तिथे कापडाचे तागे रचायचे, असे मालकांच्या मनात होते. तसे झाले तर त्या मुलांच्या आयांना, खात्यात शिवणाऱ्या सात जणींना, काम सोडून घरी बसावे लागणार होते.

"सात जणींसाठी सगळं खातं वेठीला धरलंय तुम्ही," मुखत्यार म्हणाले. "बाकीच्यांना काय पडलंय? तुमच्या त्या वाकड्या काकू! मुलांच्या रडण्यानं डोकं उठतं, असा त्यांचा अर्जच आहे माझ्याकडे." ते खुर्चीत मागे रेलले. "चला, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. बेचाळीसच्या बेचाळीस जणींना पाळणाघर हवं असेल, तर ते राहील. आत्ता सही करतो. एक जरी कमी पडली तर विषय संपला. लिहून घ्या हो लेखनिक."

स्वतःची वाक्ये कागदावर उमटलेली पाहायला त्यांना फार आवडत असे.

"मालकांना विचारावं लागेल ना तुम्हाला?" तिने हळूच विचारले.

"मला?" समोरच्या अधिकारपत्रावर त्यांनी दोन बोटे आपटली. "मला कुणालाही विचारावं लागत नाही."

लेखनिकाने तेही लिहून घेतले.

ती जिना उतरली. शिवणावर वाकलेल्या बायकांना कुणाचा वर केलेला हात दिसत नसे, यंत्रांच्या गदारोळात ओरडून ऐकू जात नसे. म्हणून या खात्यात होकार एकाच रीतीने दिला जाई: जिला मान्य, तिने पेडलवरचा पाय उचलायचा. ती एकेका यंत्राशी वाकून निरोप सांगत गेली. मुखत्यारसाहेबांची अट सांगितली, अर्जाचा टोमणा सांगितला, 'बाकीच्यांना काय पडलंय' हेही त्यांच्याच स्वरात सांगितले. आयांचे पाय तत्काळ उचलले गेले. मग अविवाहित मुलींचे, मग ज्यांची मुले कधीच मोठी झाली होती त्यांचे. पाऊस ओसरताना पागोळ्या थांबाव्यात तसा आवाज एकेका रांगेतून विरत गेला.

शेवटचे एकच यंत्र धडधडत राहिले. वाकड्या काकूंचे.

ताईच्या ओठांवर शब्द आले. काकू, एवढं ऐका. त्या सात जणींच्या चुली... पण ते तिचे शब्द होते, निरोपातले नव्हते. तिने ते गिळले आणि साहेबांचे वाक्य न् वाक्य काकूंपुढे जसेच्या तसे ठेवले.

"मला काय पडलंय म्हणाला?" काकूंनी मान वर केली नाही.

"हो."

"आणि माझा अर्ज दाखवतो?"

"हो."

"रडणं नको म्हटलं होतं मी. पोरं नकोत असं कुठं म्हटलं?"

यंत्र चालूच होते. बेचाळिसावा पाय पेडलवर तसाच होता.

"काकू..."

"थांब गं टपाल. शिवण अर्ध्यात सोडली की वाकडी होते." काकूंनी टीप टोकापर्यंत नेली, दोरा तोडला आणि पाय उचलला.

असली शांतता त्या भिंतींनी कामाच्या वेळी कधी ऐकली नव्हती. काचेपलीकडे एक मूल भोकाड पसरून रडत होते, ते आता स्पष्ट ऐकू आले.

"बघा, सुरू झालं!" काकू कडाडल्या. "घ्या की कुणीतरी त्याला!"

हास्याचा लोट उसळला आणि ताईच्या पाठोपाठ जिना चढून वरपर्यंत आला.

वर मुखत्यार मुक्या झालेल्या फरशीकडे टक लावून बसले होते.

"बेचाळीस," ती म्हणाली.

"कळलं." त्यांनी घसा खाकरला. "तरी पण... हे मालकांच्या कानावर घालायला हवं. मी विचारून सांगतो."

लेखनिकाला जोराचा ठसका लागला. तो आवरून त्याने, कुणी न सांगताच, टिपणाचे पान फिरवले आणि साहेबांपुढे सरकवले. साहेबांनी स्वतःची दोन वाक्ये वाचली, पुन्हा वाचली. मग टोपण काढून सही केली. सहीखालची रेघ नेहमीपेक्षा आखूड होती.

कागद घेऊन ती दाराबाहेर पडली, तोच ते मागोमाग आले.

"बाई, आमच्या बाजूला या. खरंच सांगतो. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली देतो. शब्द असा न सांडता नेणारं माणूस मालकांकडे एकही नाही. काय म्हणता?"

खाली बेचाळीस माना जिन्याकडे वळल्या होत्या. टपालताईने सही केलेला कागद डोक्याहून उंच धरला आणि ती भराभरा पायऱ्या उतरू लागली.