रेल्वेवाल्या राऊतांचा टोल

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. अख्खा नव्हे हो, हातभर तुकडा! अलिबागच्या राऊतांच्या वाडीत आंब्याला तारेने टांगलेला, हातोडीने वाजवायचा टोल. आमच्या गावात प्रवासी गाडी कधी आलीच नाही, तरी या घराला सारे 'रेल्वेवाले' म्हणत. यांच्या पणजोबांनी घाटात रूळ टाकायची कंत्राटं घेतली होती. शेवटच्या कामातून उरलो तो मी.

काय थाट होता तेव्हा! वाचनालयाची सभा असो की नाटकमंडळींचं जेवण, शहरातली बडी माणसं याच अंगणात बसत. पणजोबांनी रेल्वेच्या शिस्तीने माझे ठोके ठरवून दिले होते. पाहुणा आला तर एक, पानं वाढली की तीन, आणि संकट आलं तर न थांबता. एकदा गोठा पेटला, तेव्हा अर्धं शहर कळशा घेऊन धावत आलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पुढे माणसं पांगली. उरली दोन म्हातारी भावंडं, दादा आणि कुमुदताई. त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाने, कुशलने, वाडीत होमस्टे काढला आणि माझ्याशेजारी पाटी ठोकली, 'वाजवा आणि फोटो काढा'.

"कुशल, टोल खेळायला नसतो रे," कुमुदताई म्हणाल्या.

"आत्या, ते ठोके आता कोणाला कळतायत?" तो हसला.

झालं! येणारा-जाणारा मला बडवू लागला.

गेल्या वैशाखात भर दुपारी दादा पाय घसरून विहिरीत पडले. कुशल पाहुण्यांना घेऊन नागावला गेलेला. कुमुदताई धावत आल्या आणि हातोडी उचलून ठोकत सुटल्या. तळहाताला फोड आले तरी थांबल्या नाहीत. मीही जीव तोडून ओरडलो. शेजारच्या वाडीत भागोजी नारळ काढत होता. त्याने सगळं ऐकलं, पण माडावरून उतरला नाही. अर्ध्या तासाने सहज डोकावला, तेव्हा दादा गेले होते.

"ताय, मना वाटला पावनंच वाजवतान," म्हणून तो कपाळ बडवून रडला.

संध्याकाळी कुशलने पाटी उपटून काढली. कुमुदताईंनी मला गोणपाटात गुंडाळलं, सुतळीने आवळलं आणि हातोडी विहिरीत टाकली.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, रंगही नको. फक्त ज्या आवाजावर कोणी जीव टांगून ठेवलाय, तो गंमत म्हणून वाजवू नका. त्या दुपारी मी खरं ओरडत होतो हो.