एकोणीस रेघा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. एका सुताराने गोदामाच्या मोडक्या दाराच्या फळ्या रंध्याने तासून, त्यांना काळा रंग देऊन मला घडवलं. मग मला चादरी धुण्याच्या कारखान्यात, इस्त्रीच्या रोलरसमोर टांगलं. तिथल्या वाफेने माझ्या कडा वर्षभरातच फुगल्या.

मला करून घेतलं ते तिथल्या मुकादम बाईंनी. त्यांच्या हाताखाली एकोणीस माणसं होती आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. बॉयलरकाका साठीला टेकलेले, त्यांना अक्षर मोठं लागे. परमुलखातून आलेल्या तिघींना इथलं वाचता येत नसे. विशीतली पोरं दोन ओळींतच कंटाळत. आणि रोलरवरच्या ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या एप्रनच्या खिशात कायम खडू असे, म्हणून सगळे तिला खडूताई म्हणत.

पाळी सुरू होण्याआधी बाई माझ्यावर सूचना लिहीत आणि खडूताई शेजारी चित्र काढी. बिघडलेल्या यंत्राला ती रडकं तोंड काढायची. पोरं हसत, पण बघत. मग बाई प्रत्येकाला विचारत, "काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग." खडूताई हातवारे करून सांगे. ज्याला कळलं त्याने खाली एक रेघ ओढायची. एकोणीस रेघा झाल्याशिवाय बाई यंत्राला हात लावू देत नसत.

"बाई, दहा मिनिटं फुकट जातात," एक पोरगा रोज कुरकुरायचा.

"जाऊ देत. बोटं शाबूत राहतात ना?"

अकरा वर्षांत कोणाला साधं खरचटलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

मग बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. त्यांनी सगळ्यांना फोनच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सूचना ते येता येता गाडीतूनच बोलून पाठवत. खडूताईने कागदावर लिहून दिलं, 'माझ्यासाठी लिहून पाठवा.' साहेबांनी हसून मान हलवली. चार दिवस त्यांनी लिहिलंही. पाचव्या दिवसापासून ते विसरले.

एका सकाळी त्यांनी असंच बोलून कळवलं, "दोन नंबरच्या रोलरची थांबवायची पट्टी चालत नाही. तो कोणी लावू नका." अठरा जणांनी ऐकलं. खडूताईने तो निरोप उघडला, त्यातली आवाजाची वाकडीतिकडी रेषा तेवढी बघितली आणि फोन खिशात ठेवला. तिला दुसऱ्या कोणी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

तिने दोन नंबर लावला. चादरीबरोबर उजवा हात आत ओढला गेला. तिने पट्टी दाबली, पुन्हा दाबली. काकांनी धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं, तोवर तिची तीन बोटं गेली होती.

चौकशीत साहेबांनी फोन पुढे केला. "एकोणीसही जणांनी बघितलंय. ही बघा खूण."

"तिने बघितलं, साहेब," काका म्हणाले, "पण ऐकायचं कोणी?"

ते कोणी लिहून घेतलं नाही. अहवालात आलं, 'सूचना देऊनही कामगाराचा निष्काळजीपणा.'

महिन्याभराने वरच्या कचेरीतून एक मोठं चित्र आलं. त्यावर म्हातारी, तरुण, नाना तऱ्हेची हसरी माणसं आणि खाली 'आपण सारे एक'. ते लावायला फळी हवी होती, म्हणून मला पुन्हा सरळ केलं आणि माझ्या छातीत चार खिळे ठोकले. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली माणसं येतील. नुसता निरोप धाडून हात झटकू नका. ज्याच्यापर्यंत तो पोचणं सगळ्यांत अवघड, त्याच्याकडे आधी जा आणि काय कळलं ते विचारा. दहा मिनिटं लागतात. मी ती रोज मोजली आहेत.

खडूताई शेवटची आली ती एप्रन परत करायला. ते हसरे चेहरे ती बराच वेळ बघत राहिली. मग खिशातला खडू डाव्या हातात घेऊन, चित्राखाली माझी जी चार बोटं जागा उरली होती, तिथे तिने एक वाकडी रेघ ओढली. कळलं की रेघ ओढायची, हा आमचा नियम होता.

ती रेघ अजून आहे. साहेब रोज तिच्यासमोरून जातात.