एकही वीट कापायची नाही

आमच्या ह्यांचा हट्ट एकच होता: भट्टीसाठी एकही वीट कापायची नाही. अख्खी मिळाली तर लावायची, नाहीतर भट्टी गेली खड्ड्यात.

जन्मभर ह्यांनी कारखान्यांच्या भट्ट्या बांधल्या. विटा कापता कापता धूळ छातीत गेली आणि आता दोन वाक्यं बोलले की धाप लागते. डॉक्टरांनी हात टेकलेत. आपल्यामागे घर चालावं म्हणून मागच्या अंगणात मला पावाची भट्टी बांधून द्यायचं ह्यांनी मनावर घेतलं. पोरानं मात्र रंगाच्या दुकानातली नोकरी सोडायची नाही. भट्ट्या बांधायच्या धंद्याला हात लावणार नाही, असं ह्यांनी माझी शपथ घालून त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पोरगा भंगारवाल्याकडून पाडलेल्या भट्ट्यांच्या विटा आणायचा. ह्यांची खाट मागच्या दाराशी. मी एक वीट दुसरीवर ठोकायची आणि ह्यांनी कान द्यायचा. खणखणली तर ठेवायची. बद्द वाजली तर ती आतून तडकलेली, आगीत फुटणार, म्हणून बाहेर. तोंडावर काचेसारखा काळा थर असेल तर तीही नको. माझे हात सोलून निघाले. एकदा चिडून म्हटलं, सून आणतानासुद्धा कोणी इतकं ठोकून बघत नाही. हे हसायला गेले आणि अशी उबळ आली, की मी पुन्हा थट्टा केली नाही.

हे खाटेवरून सांगायचे, पोरगा रचायचा. कधी मातीचा गारा सांडायचा, कधी वीट तिरकी बसवायचा. गाढवा, तुझ्या हातात नुसतं शेण भरलंय, असं म्हणताना ह्यांचा चेहरा किती खुलायचा!

घुमटाच्या निमुळत्या विटासुद्धा ह्यांनी तयार मिळतील त्याच शोधायला लावल्या. शेवटी तोंडाच्या कमानीतली मधली एक राहिली. ती बसेपर्यंत खालचा लाकडी आधार काढता येईना आणि त्या मापाची कुठे मिळेना.

एका दुपारी हे गोळी घेऊन झोपले होते. एक वीट कापली तर काय आभाळ कोसळणार आहे, असं पोरगा म्हणाला. मीही मेटाकुटीला आले होते. काप म्हटलं.

तो कुठूनसा कटर घेऊन आला. तोंडाला रुमाल बांधला, वाऱ्याकडे पाठ केली आणि रेघही न मारता वीट एका बाजूनं चिरली. उलटी करून दुसरीकडून चिरली. मग हातोडीचा एकच हलका ठोका. कमानीत ती अशी बसली, की फटीत नख जाईना. असं कापणं मी आजवर एकाच माणसाचं पाहिलं होतं.

वळून पाहिलं तर हे जागे होते. आवाजावरूनच त्यांना कळलं असणार.

"किती दिवस कापतोयस?"

पोरानं रुमाल सोडला. "तुम्ही अंथरूण धरल्यापासून. दुकानाच्या पगारात तुमची औषधं आली असती का, बाबा?"

ह्यांनी खाटेची कड धरून श्वास गोळा केला.

"खोकला येतो?"

पोरगा माझ्याकडे बघेना. "सकाळी. थोडा."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रडायला लागले, पण रडायलाही त्यांना श्वास पुरेना.