एकतीस मिलिमीटर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रूजबरीत पहिला धड बर्फ पडला. सुचित्रानं गराजच्या भिंतीवरून आपल्या स्कीज खाली काढल्या, तर त्यांच्यावर बाइंडिंग्जच नव्हती. नुसत्या दोन लांब गुळगुळीत फळ्या. मधोमध आठ-आठ भोकं, भोकांत पोलादी आटे. बूट अडकवायला काहीच नाही.

हा सगळा गिरीशचा, तिच्या नवऱ्याचा, उद्योग. दोघांत मिळून स्कीजच्या चार जोड्या होत्या, कडक बर्फाला अरुंद आणि भुसभुशीत बर्फाला रुंद. पण बाइंडिंग्ज मात्र दोनच जोड. गिरीश पडला मेकॅनिकल इंजिनिअर. त्यानं प्रत्येक स्कीत आट्यांच्या बारक्या पोलादी नळ्या बसवून घेतल्या होत्या, म्हणजे एका जोडीवरचं बाइंडिंग काढून दुसरीवर चढवायचं म्हटलं तरी अर्ध्या तासाचं काम. शनिवारी सकाळी खिडकीबाहेर बघून तो विचारायचा, "आज कुठल्या?" तिनं सांगायचं, त्यानं स्क्रू फिरवायचे. एकवीस हिवाळे असे गेले. सुचित्रानं त्या कामासाठी कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नव्हता.

मे महिन्यात गिरीश जर्सी सिटीला राहायला गेला. मॅनहॅटनमधल्या एका कंपनीचं काम धरलं आणि स्टेशनजवळच्या उंच इमारतीत एक अपार्टमेंट घेतलं. "तुझ्याशी भांडण नाहीये माझं," जाताना तो म्हणाला, "काही दिवस एकटं राहून बघायचंय, एवढंच." सुचित्राला राग आला, रडूही आलं, पण त्याच्या बोलण्याचा संशय आला नाही. तो मुळातच अबोल. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर अशा माणसाला एकटं राहावंसं वाटू शकतं, हे तिनं स्वतःला हळूहळू पटवलं. ती स्वतः त्याच वर्षी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागातून निवृत्त झाली होती. घरात आता दिवसभर फक्त घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा आवाज असायचा.

तिनं फोन लावला.

"तुझ्या अरुंद जोडीवर असतील," गिरीश म्हणाला. "माझ्या बॅगेत ती जोडी चुकून आली. पुढच्या वेळी येईन तेव्हा…"

"तू कधी येणार? स्कीज राहू देत तिकडे. नुसती बाइंडिंग्ज काढून पाठव. बसवीन माझी मी."

"तू बसवणार?"

"का? भोकं आहेत, स्क्रू आहेत. आणखी काय लागतं?"

"बरं. एवढा वीकेंड जाऊ दे, मग पाठवतो."

खोकं यायला जानेवारी उजाडला. आतलं सामान अगदी गिरीशच्या हातचं होतं. प्रत्येक तुकडा बबल रॅपमध्ये, स्क्रू छोट्या पिशव्यांत, पिशव्यांवर मार्करनं 'डावी पुढची', 'उजवी मागची'. सोबत कागदावर त्याच्या सरळ, टोकदार अक्षरात सूचना. सगळे स्क्रू आधी नुसते टेकव. मग फुलीच्या क्रमानं आवळ. निळ्या गोंदाचा एकच थेंब. जोर लावू नकोस. खाली सही नव्हती, आणि 'कशी आहेस' हेही नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं गराजमध्ये घडीचं टेबल मांडलं, हीटर लावला आणि कामाला लागली. पहिला स्क्रू तिरका गेला. तो काढून पुन्हा लावला. तिसऱ्या-चौथ्या स्क्रूनंतर हाताला अंदाज आला. आटे जुळले की स्क्रू कसा आपसूक आत ओढला जातो ते कळलं, आणि तिला चक्क मजा वाटू लागली. सोळा स्क्रू. दोन तास लागले. बोटं गारठली होती, पण दोन्ही स्कीजवर चारी तुकडे नीट सरळ बसले होते.

मग तिनं आपला बूट आणला आणि पुढचं टोक अडकवून टाच खाली दाबली. टाच बसेना. मागचा तुकडा इतका पुढे होता की बूट त्याच्या डोक्यावरच टेकत होता. दुसरी स्की घेतली, तिचंही तेच. आपलंच काहीतरी चुकलं असणार, या खात्रीनं तिनं मागचे आठही स्क्रू काढले, भोकं तपासली, पुन्हा लावले. बूट तरीही आत जाईना.

तेव्हा तिनं चष्मा लावून खाली वाकून बघितलं. मागचा तुकडा एका पट्टीवर पुढेमागे सरकतो आणि पट्टीवर आकडे असतात, बुटाच्या तळाच्या लांबीचे. तिच्या बुटाच्या टाचेवर आकडा कोरलेला होता, दोनशे सत्त्याण्णव. पट्टीवरचा काटा होता दोनशे सहासष्टवर.

मग तिनं पुढच्या तुकड्यावरची छोटी खिडकी बघितली. पडल्यावर बूट किती जोरानं सुटावा, हे तिथं लावतात. वजन, उंची, वय आणि किती सराव आहे, यावरून तो आकडा ठरतो. तिचा साडेपाच असायचा. आता तिथं साडेतीन होता. चारी तुकड्यांवर तसंच.

चौतीस वर्षं सुचित्रानं माणसं अशीच ओळखली होती. माणूस कधी समोर यायचा नाही. त्याचा काचेवरचा एक पातळ काप यायचा आणि त्यावरून काय ते समजायचं. इथंही समजलं. लहान पावलांची, हलक्या वजनाची, नुकतीच शिकू लागलेली एक बाई. तिच्यासाठी गिरीशनं गुडघ्यावर बसून हा तुकडा पुढे सरकवला होता.

तिनं ओजसला फोन लावला. तिचा मुलगा ॲन आर्बरला रिसर्च करत होता.

"ओजस, बाबांबरोबर कोणी आहे का?"

पलीकडे बसचा आवाज येत होता.

"आई… आय थॉट यू न्यू."

"कधीपासून?"

"आय डोन्ट नो. समरमध्ये मी गेलो होतो तेव्हा शी वॉज देअर. बाबा म्हणाला, तो तुला स्वतः सांगणार आहे. तिचं नाव…"

"नाव सांगू नकोस."

"आई, आर यू ओके? मी येऊ का?"

"बसमध्ये आहेस ना? टोपी घाल उतरताना," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आपण हे काय बोललो, असं तिला नंतर वाटलं. पण दुसरं काही सुचलं नव्हतं.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते भलतंच. सात महिने ती त्याच्या एकटेपणाची काळजी करत होती. नवरात्रात, दिवाळीत, थँक्सगिव्हिंगला, एकटा काय खात असेल म्हणून जीव कासावीस व्हायचा. त्या घरात एकटं कुणी नव्हतंच. दोघांतलं एकटं माणूस ती होती.

तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला. पट्टीचा स्क्रू फिरवत काटा मागे आणला, चारी खिडक्यांतले आकडे साडेपाचवर नेले. बूट अडकवला. या वेळी टाच खट्कन बसली.

सोमवारी गिरीशचाच फोन आला. "मिळालं ना खोकं? बसली का बाइंडिंग्ज?"

"बसली. मागचा तुकडा सरकवावा लागला."

"का? किती?"

"एकतीस मिलिमीटर."

गिरीश हिशोबाला पक्का माणूस. त्याला वजाबाकी करायला कितीसा वेळ लागणार?

"सुचित्रा," तो म्हणाला, "मी सांगणारच होतो. खरं सांगतो, शब्दच…"

"एवढ्या पिशव्यांवर लिहिलंस," ती म्हणाली, "त्या कागदावर एक ओळ लिहायची होतीस."

"तू एकदा इकडे ये. आपण बसून बोलू."

"नाही. काय ते वकिलामार्फत कळव. आणि ती अरुंद जोडी ठेव तिकडेच." तिचा आवाज कापला नाही. मग तिनं फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी तिनं स्कीज दुकानात नेल्या. तिथल्या बाईनं बूट अडकवून, मशीनवर पिळून बघितलं, एके ठिकाणी पाव आकडा कमी केला आणि विचारलं, "कुणी बसवलीत?" सुचित्रानं सांगितल्यावर त्या बाईनं नुसती मान हलवली आणि स्कीज परत दिल्या.

तिथून ती तशीच वाचुसेटला स्की करायला गेली. आठवड्यातला मधला वार, डोंगरावर फारसं कोणी नव्हतं. वर नेणाऱ्या लिफ्टच्या चारजणांच्या टांगत्या बाकावर ती एकटीच बसली. आजवर त्या बाकावर तिच्या डावीकडे गिरीश असायचा, म्हणून ती सवयीनं उजव्या कडेला बसली होती. मध्यावर आल्यावर ते तिच्या लक्षात आलं. पण हलत्या लिफ्टवर सरकायला भीती वाटली.

पहिल्या उतारावर सगळं नीट झालं. दुसऱ्याच्या वळणावर काचेसारखा टणक बर्फ होता. स्की सटकली आणि ती कुशीवर आदळली. एक बूट सुटला, सुटायला हवा तसाच. स्की घसरत पंधरावीस पावलं खाली जाऊन थांबली.

अशा वेळी गिरीश ती स्की उचलून, चढण चढून वर आणून द्यायचा. सुचित्रा बर्फात बसून राहिली. डोंगरावर गस्त घालणारा लाल जाकीटवाला माणूस थांबला, "ठीक आहात ना?" तिनं हात हलवून हो म्हटलं. तो गेल्यावर ती रडली. इतके दिवस घरात आली नव्हती तेवढी आसवं तिथं आली, आणि वाऱ्यानं गालावरच गार झाली.

मग तिनं दुसरी स्की काढून खांद्यावर घेतली आणि टाचा रोवत खाली चालू लागली. पंधरावीस पावलांना बराच वेळ लागला. खाली पोचल्यावर तिनं दोन्ही स्कीज उताराला आडव्या ठेवल्या, काठीच्या टोकानं बुटाच्या तळाचा बर्फ खरवडला, आधी डावा आणि मग उजवा पाय अडकवला. खाली लिफ्टचे रिकामे बाक एकामागून एक वळत होते. ती सावकाश, मोठमोठी वळणं घेत त्यांच्याकडे निघाली.