न वाजणारी शेंग

गुणाबाईनं भुईमुगाची शेंग कानाशी धरून हलवली. वाजली नाही. दुसरी घेतली, तीही मुकीच. वाळलेली शेंग हलवली की आतला दाणा खुळखुळतो, हे उचगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या साली मात्र दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस काढता पाय घेईना.

आणि तम्मण्णाच्या घरची रीत अशी, की लक्ष्मीपूजनाच्या आत कणगीत शेंगा भरायच्या, तोंड शेणमातीनं लिंपायचं, हळदकुंकू वाहायचं आणि भोगीपर्यंत ती उघडायची नाही.

तम्मण्णा तिचा थोरला दीर. घरात तो, विधवा गुणाबाई आणि त्याची वर्षाची नात यल्लू. पोरीची आई बाळंतपणात गेली, बाप पलटणीत. यल्लू जगली ती गुणाबाईच्या मांडीवर आणि घरच्या म्हशीच्या दुधावर.

थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही घरची दुसरी रीत. नवरा होता तोवर तिचा निरोप त्याच्या तोंडून जायचा. तो गेल्यावर गुणाबाई सोप्यातल्या खांबाशी बोलायला लागली.

"शेंगा वाजत न्हाईत अजून," तिनं खांबाला सांगितलं. "चार उन्हं दावाय पायजेत."

"उद्या लक्ष्मीपूजन हाय," तम्मण्णानं आढ्याला सांगितलं. "कणगी आजच भरायची. बायकांनी चुलीकडं बघावं."

खांब बिचारा काय बोलणार? कणगी भरली.

पुढं थंडी पडली. मांजर चुलीची ऊब सोडून कणगीला पाठ लावून निजायला लागलं. तम्मण्णाला त्याचं हसू आलं. गुणाबाईनं मात्र कणगीला तळहात लावून बघितला. ऐन थंडीत कणगी कोमट होती, ताप आलेल्या पोराचं कपाळ लागतं तशी. ओल्या शेंगा आत तापत होत्या. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. जाता येता ती कणगीला हात लावून बघायची.

भोगीच्या सकाळी तम्मण्णानं लिंपण फोडलं. कुबट वासानं दोघं मागं सरले. वरच्या शेंगा बऱ्या होत्या. मधला थर एकमेकांना चिकटलेला, फोडला की आत हिरवट बुरशी, दाणा काळा आणि कडू. गुणाबाईनं दिवसभर बसून निवडलं. वाईट दोन बुट्ट्या निघाल्या. त्या तिनं घरामागच्या परड्यात ठेवल्या.

"ह्या जाळाय पायजेत. कोंबडीलासुदिक घालू नयेत," ती खांबाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बुट्ट्या रिकाम्या होत्या. दिरानं एकदाचं ऐकलं म्हणून तिला इतकं बरं वाटलं, की तिनं यल्लूचा मुका घेतला.

महिना गेला. म्हैस वैरण अर्धवट टाकायला लागली. दूध निम्म्यावर आलं. यल्लूही प्यालेलं ओकायला लागली. दात येत असतील, म्हणून गुणाबाईनं मनाची समजूत घातली.

एका सकाळी उरलेली वैरण उचलायला ती गोठ्यात गेली. वैरणपाणी तम्मण्णाचं काम; तिचा हात गव्हाणीला क्वचितच लागायचा. तिनं कडबा सारला. खाली हिरवट बुरशीच्या शेंगा होत्या.

ती तशीच सोप्यात धावली. तम्मण्णा यल्लूला मांडीवर घेऊन वाटीनं दूध पाजत होता. दारातलं ऊन पोरीच्या तोंडावर पडलं होतं. तिच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलेलं गुणाबाईला आज पहिल्यांदा दिसलं.

तिनं वाटी हिसकावून दूध अंगणात ओतलं. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा ती दिराच्या डोळ्यांत बघून बोलली.

"आप्पा, म्हशीला त्या शेंगा कवापास्नं घालतायसा?"

तम्मण्णानं मान फिरवली आणि खांबाला सांगितलं,

"भोगीपास्नं."

मांडीवरची यल्लू रिकाम्या वाटीकडं हात पसरून रडायला लागली.